आमच्या घरच्या वजनाचा हिशेब

पुणे जिल्ह्यातल्या विंझर गावच्या आमच्या घरात 1960 ते 1975 च्या दरम्यान जन्मलेली आम्ही सख्खी-चुलत भावंडं. निम्मी आता पुण्यात, काही मुंबईत, दोन बिऱ्हाडं अजून गावात. जत्रेला सगळे जमलो की जेवणानंतर पिशव्यांतून गोळ्यांच्या पट्ट्या निघतात. साखरेची, रक्तदाबाची, थायरॉइडची, गुडघ्यांची. आमच्या आईबापांच्या पिढीत घरात एकही माणूस लठ्ठ नव्हता. अख्ख्या गावात पोट सुटलेला एकच, तोही दुकानदार, आणि त्याचं पोट बघून लोक म्हणायचे, बरं चाललंय याचं. एका पिढीत घर एवढं कसं बदललं, याबद्दल आम्ही गेली काही वर्षं बोलतो आहोत. कुणी म्हणतं आपण आळशी झालो, कुणी म्हणतं जिभेचे चोचले वाढले. मला ते पटत नाही. आमच्या घरातला एकही माणूस आळशी नाही. बदलला तो पैशाचा आणि मेहनतीचा हिशेब, आणि तो बदलताना आम्हाला कुणी विचारलं नव्हतं.

तेव्हा घरात रोख पैसा लागायचा तो मीठ, गूळ, चहापूड, रॉकेल, गोडं तेल, कापड आणि एसटीच्या तिकिटापुरता. बाकीचं सगळं हातापायांनी मिळवायचं. कानद खोऱ्यातली खाचरं भाताची, आणि वरच्या डोंगरउतारावर राब भाजून नाचणी नि वरी. पण भात पिकायचा म्हणून भात खायला मिळायचा असं नव्हतं. भात विकायला आणि नाचणी खायला, अशी ती व्यवस्था होती. भाताचे पैसे यायचे तेव्हा सोसायटीचं कर्ज, लग्नाची देणी, बैलाची किंमत भागायची. पांढरा भात ताटात यायचा तो सणाला, पाहुणा आला तर, नाहीतर कुणी आजारी असलं तर. रोजची म्हणजे नाचणीची काळी भाकरी, सोबत हुलग्याचं माडगं किंवा कालवण. पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, भारंगी, करटोली. आणि खाचराच्या बांधावरचे खेकडे.

तेलाची बरणी चुलीमागच्या फडताळात असायची. थोरल्या काकी तव्याला तेल लावायच्या ते कांद्याच्या अर्ध्या फोडीनं. तीच फोड दुसऱ्या दिवशीही चालायची. फोडणी दिवसातून एकदा, सकाळच्या कालवणाला. रात्री तेच कालवण पाणी घालून वाढवायचं. रेशनची साखर कार्डावरच्या माणसांप्रमाणे मोजून मिळायची. ती पितळी डब्यात घालून डबा कणगीतल्या भातात पुरून ठेवलेला असे. आम्हा पोरांना कणगीत हात घालून डबा चाचपता यायचा, पण झाकण एवढं घट्ट की आवाज झाल्याशिवाय उघडायचं नाही. आमचा चहा गुळाचा. साखरेचा चहा पाहुण्याला, आणि पाहुणा म्हणजे ज्याच्याकडे काही काम असेल असा माणूस. तलाठी, ग्रामसेवक, मुलगी बघायला आलेले.

आता या सगळ्याला कुणी सोन्याचे दिवस म्हटलं तर आमच्या बहिणी उठून जातात, आणि ते बरोबर आहे. भात कांडायला उखळाशी दोघी-दोघी उभ्या राहायच्या. पहाटे जात्यावर दळण, मग ओढ्यावरून पाणी, मग शेण, मग शेत. गिरणी आली तेव्हा घरातल्या बायांनी नारळ फोडला होता. पुढे गिरणीनं तांदूळ इतका पांढरा करून दिला की त्याचा कोंडा आणि कस दोन्ही गेले, हे खरं. पण म्हणून उखळ परत आणा असं आमच्यातली एकही बाई म्हणणार नाही. आषाढ-श्रावणात कणगीचा तळ दिसायला लागला की दिढीनं धान्य आणायचं. म्हणजे आज एक मण घेतलं तर सुगीत दीड मण परत. चार महिन्यांसाठी पन्नास टक्के व्याज. आजी त्या दिवसांत पुरुषांना नि पोरांना वाढून झाल्यावर भगुलं खरवडून जेवायची, आणि कधीकधी खरवडायलाही काही नसायचं. 1972 च्या दुष्काळात आमच्याकडे इतर जिल्ह्यांसारखी जमीन फाटली नाही, पाऊस थोडाफार झाला होता. पण धान्याचे भाव आमच्यापर्यंत पोचले. रेशनवर परदेशातून आलेला लाल मिलो मिळायचा. त्याच्या भाकरीची चव आमच्यातल्या थोरल्यांना अजून आठवते.

तर असं ते घर. लठ्ठपणा नव्हता कारण प्रत्येक घासाची किंमत घामात मोजलेली होती.

आमच्या आया नवव्या महिन्यापर्यंत लावणीला जायच्या. चिखलात वाकून दिवसभर रोपं लावायची आणि संध्याकाळी भारा घेऊन यायचं. आमच्यातल्या दोघांचा जन्म लावणीच्या आठवड्यातला आहे. त्या वेळी बाळाचं वजन कुणी केलं नाही, पण सुईण हातात घेऊन म्हणायची, बारकं आहे, होईल मोठं. आता याचा आमच्या आजच्या साखरेशी काय संबंध, असं मी पूर्वी म्हटलं असतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामाबद्दल वाचल्यावर नाही म्हणणार.

त्यांनी 1993 साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत एक अभ्यास सुरू केला. गरोदर राहण्याआधीपासून बायकांची मापं घ्यायची, खाणंपिणं नि काम टिपायचं, आणि मग बाळांची मापं घ्यायची. त्या आयांचं सरासरी वजन 42 किलोच्या आसपास होतं. बाळं सरासरी 2.7 किलोची. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची बाळं साडेतीन किलोची. वजनात एवढा फरक, पण चरबीत तेवढा नाही. आपल्या बाळांचे स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, आणि पाठीवरची चरबी मात्र जवळपास त्या गोऱ्या बाळांइतकी. दिसायला काडी आणि आतून चरबी जपून ठेवलेली. ज्या आयांवर कष्टाचा भार जास्त होता त्यांची बाळं लहान निघाली. ज्या पालेभाजी, फळं, दूध जास्त वेळा खात होत्या त्यांची बाळं मोठी. ही खेडी आमच्या खोऱ्यातली नव्हेत, पण त्यातलं प्रत्येक वाक्य वाचताना मला आमच्या आया दिसत होत्या. उपासमारीत वाढलेलं शरीर मिळेल ते साठवायला शिकून जन्माला येतं, आणि पुढे चाळिशीत त्याच्यासमोर साखर-तेल येतं तेव्हा ते तेच करतं.

याज्ञिकांचा एक फोटो 2004 साली लॅन्सेट या नियतकालिकात आला होता. शेजारी लंडनचे डॉक्टर जॉन युडकिन. दोघांचा उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, ज्याला बीएमआय म्हणतात, तो अगदी सारखा, 22.3. पण शरीरातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. म्हणूनच आपल्याकडे डॉक्टर 25 ऐवजी 23 च्या पुढेच सावध करतात. आमच्या धाकट्या भावाला सदऱ्यात बघून कुणी लठ्ठ म्हणणार नाही. हातपाय बारीक, पोट तेवढं पुढे. त्याला साखर निघाली तेव्हा घरात कुणाचा विश्वास बसेना.

घर बदलायला सुरुवात झाली ती माणसं बाहेर पडल्यावर. आमचे दोन चुलते पुण्यात हमालीला गेले. पोतं शंभर किलोचं, पाठीवर. जड अंगमेहनत करणाऱ्या पुरुषाला दिवसाला सुमारे 3,470 कॅलरी लागतात आणि बसून काम करणाऱ्याला 2,110, असं हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं मोजमाप आहे. चुलते पहिल्या गटातले. बाबा आढावांच्या हमाल पंचायतीनं 1974 मध्ये 'कष्टाची भाकर' सुरू केली, ती नेमकी अशा माणसांसाठी. गावाकडून एकटं आलेल्या हमालाला परवडेल अशा दरात झुणका-भाकर मिळावी, आणि ती भाजणाऱ्या बायांनाही रोजगार मिळावा म्हणून. चुलते गावी आले की त्या भाकरीची चव सांगायचे. मला ते काम फार मोठं वाटतं. कष्टकऱ्याचं पोट हा त्याचा खासगी प्रश्न नाही, असं त्यातून पन्नास वर्षांपूर्वीच कुणीतरी ठरवलं होतं.

चुलत्यांची मुलं काय नि आम्ही काय, कुणीच हमाल झालं नाही. तेच तर त्यांना हवं होतं. कुणी रिक्षा चालवली, कुणी सोसायटीच्या फाटकावर वॉचमन, कुणी कारखान्यात पॅकिंगला, बहिणी शिलाईला नाहीतर चार घरची पोळीभाजी करायला. शरीराला लागणारं निम्म्यानं कमी झालं नाही, पण सुमारे साडेतेराशे कॅलरींचा फरक म्हणजे एका माणसाचं एक भरपेट जेवण. आणि नेमक्या त्याच वर्षांत बाजारातली सगळ्यांत स्वस्त गोष्ट कुठली झाली, तर साखर, मैदा आणि पामतेल. रात्रपाळीच्या माणसाला जेवणाची वेळ नाही. चहा आहे, क्रीमरोल आहे, वडापाव आहे. वडापाव 1966 च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्यांच्या गाडीवर सुरू झाला असं सांगतात. मुंबईच्या कापड गिरण्या बंद पडल्या तशा त्याच्या गाड्या वाढत गेल्या. तो गरिबाच्या पोटाला आधार होता आणि आहे, त्याला नावं ठेवायची माझी इच्छा नाही. पण तीस वर्षं रोज दुपारचं जेवण म्हणून तोच खाल्ला तर शरीर काय करणार?

आज चाळीस-पंचेचाळीस रुपयांत किलोभर साखर येते. त्यात चार हजार कॅलरी. तेवढ्याच पैशांत पालेभाजीच्या दोन-तीन जुड्या येतात, त्यात दोनशेही धड नाहीत. ज्याच्या खिशात पन्नास रुपये आहेत आणि घरी चार तोंडं आहेत, तो काय विकत घेईल हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही. केंद्र सरकारच्या 2022-23 च्या कुटुंबखर्चाच्या पाहणीत खेड्यांतला खर्च बघितला तर शंभर रुपयांतले जेमतेम पाच रुपये धान्यावर जातात आणि साडेनऊच्या वर पेयं, फराळ आणि तयार खाद्यपदार्थांवर. धान्य रेशनवर मिळतं, 2023 पासून तर फुकट, माणशी पाच किलो. गहू आणि तांदूळ. त्यानं आषाढातली दिढी संपली, आजीच्या वाट्याचं रिकामं भगुलं संपलं, आणि हे उपकार मी विसरणार नाही. पण त्याच धान्यानं आमच्या डोंगरउतारावरची नाचणीही संपवली. फुकट तांदूळ समोर असताना राब भाजून, रानडुकरं हाकून नाचणी कोण पिकवील?

इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण लोक म्हणतात ही बाजाराची करणी. बाजार आपोआप असा झालेला नाही. आमच्या शेजारच्या भोर तालुक्यात निगडे इथे साखर कारखाना उभा राहिला. 1950 साली प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांनी आणि धनंजयराव गाडगीळांनी जी सहकारी साखरेची वाट घातली, ती पुढे सगळ्या महाराष्ट्रानं धरली. उसाला ठरलेला दर आहे, कर्ज आहे, पाण्याची सोय आहे, तोडणीला टोळी येते, ट्रक बांधावर येतो. त्यानं कित्येक घरं वर आली, आमच्या पाहुण्यांतलीही. नाचणीसाठी हमीभाव जाहीर होतो, पण आमच्या घरातल्या कुणी आजवर त्या भावानं एक पायली विकलेली नाही. साखर स्वस्त आणि नाचणी महाग हे सत्तर वर्षांच्या निर्णयांचं फळ आहे. सगळे निर्णय वाईट हेतूनं झाले असंही नाही. पण ज्यांच्या शरीरावर त्याची वसुली होते त्यांना खादाड म्हणणं अन्यायाचं आहे.

वसुली कशी होते ते आमच्या मधल्या भावाच्या घरी बघितलं. वॉचमन होता. पायाला बूट लागून जखम झाली, साखरेमुळे कळलीच नाही, आणि शेवटी दोन बोटं काढावी लागली. शस्त्रक्रिया महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून झाली. ती योजना नसती तर काय झालं असतं याचा विचारही करवत नाही. पण रोजच्या गोळ्या, इन्सुलिन, ड्रेसिंग, पुण्याला जाण्या-येण्याचं भाडं, बुडालेला पगार, आणि त्याला सांभाळायला वहिनींनी सोडलेली पोळ्यांची कामं, हे कुठल्याच योजनेत बसत नाही. आधी वहिनींचे डोरल्यातले मणी गेले. मग रस्त्यालगतचं दहा गुंठ्यांचं खाचर. ज्यांनी ते घेतलं ते पुण्याचे चांगले लोक आहेत. शनिवार-रविवारी येतात, पहाटे उठून राजगड चढतात, आणि खाली उतरल्यावर पायथ्याच्या घरात नाचणीची भाकरी-पिठलं मागवून आवडीनं खातात. चालणं आणि नाचणी आता पैसे मोजून घ्यायच्या गोष्टी झाल्या आहेत, आणि ज्यांच्याकडे ते पैसे आहेत त्यांची शरीरं त्यानं सुधारतात. याबद्दल त्यांच्यावर राग नाही. हिशेब कुठल्या दिशेनं चालला आहे ते सांगतो आहे.

आमची एक सून आशाताई, म्हणजे गावातली आरोग्य-स्वयंसेविका आहे. तिनं गावातल्या तीस वर्षांवरच्या सगळ्यांचा फॉर्म भरायचा, त्यात कमरेचं माप असतं. बाईची 80 सेंटिमीटर आणि पुरुषाची 90 च्या पुढे गेली की गुण वाढतात, आणि गुण जास्त झाले की तपासणीला पाठवायचं. गेल्या वर्षी तिनं घरापासूनच सुरुवात केली. ओसरीवर शिवणकामाची टेप घेऊन बसली. थोरल्या काकी ऐंशीच्या पुढच्या, त्यांच्या कमरेला टेप लावली तर 68. "मला काय मापतीस गं, मी काय कापड हाय?" म्हणाल्या, पण उभ्या राहिल्या. त्यांच्या मुलीची, म्हणजे आमच्या थोरल्या ताईची, 97. ताई टेपकडे बघतच राहिली. तिनं आयुष्यभर शिलाई मशीनवर बसून चार पोरं शिकवली. आणि त्याच ओसरीवर ताईची नात खेळत होती, दोन वर्षांची, जिचं वजन अंगणवाडीच्या तक्त्यात कमी निघालं होतं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या साधारण 23 टक्के बायका जास्त वजनाच्या आणि 21 टक्के फार बारीक, आणि पाच वर्षांखालच्या दर शंभर मुलांत 36 कमी वजनाची. हे आकडे दोन वेगळ्या महाराष्ट्रांचे वाटतात. आमच्याकडे ते एका ओसरीवर मावतात. सुनेला असा एक फॉर्म भरण्याचे 10 रुपये मिळतात. वाण्याच्या दुकानात दाराशी लटकणाऱ्या कुरकुरीत पाकिटाची किंमतही तेवढीच आहे.

मेक्सिकोनं 2014 मध्ये गोड पेयांवर लिटरमागे एक पेसो कर लावला आणि त्यांचा खप कमी झाला. आपल्याकडे सप्टेंबर 2025 पासून थंड पेयांवर 40 टक्के जीएसटी आहे. त्याच दिवशी बिस्किटं, चॉकलेटं, फरसाण मात्र 5 टक्क्यांवर आलं. मला दुसरा निर्णय चुकीचा वाटतो. पण नुसता कर वाढवूनही भागायचं नाही. गरिबाची बिस्किटं महाग करायची आणि डाळ, दूध, भाजी तशीच ठेवायची, तर त्याचा चहा कोरडा होईल, एवढंच. ताटातल्या चांगल्या गोष्टी स्वस्त व्हायला हव्यात. रेशनवर गव्हाबरोबर नाचणी हवी, अंगणवाडीत अंडं रोज हवं, गरोदर बाईला लावणीच्या दिवसांत मजुरी बुडवून घरी बसता यायला हवं. शेवटची गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, कारण आजचा तिचा आराम म्हणजे 2065 सालचं कुणाचं तरी वाचलेलं खाचर.

यंदा आम्ही भावंडांनी वरच्या पडीक उतारावर पुन्हा नाचणी केली. गावातल्या दोघांनी कसली, बाकीच्यांनी पैसे घातले. मजुरी, बियाणं, राखण सगळं धरून घरची नाचणी बाजारापेक्षा किलोमागे बरीच महाग पडली, आणि निम्मी डुकरांनी नेली. तरी दोन पोती घरात आली. एक अंगणवाडीला दिलं, एक सगळ्यांत वाटलं. ताईनं भाकरी करताना पीठ चाळायचं नाही असं सुनांना बजावलं. पुढच्या ज्येष्ठात जास्त जमीन धरायची ठरली आहे. त्याआधी झटक्याच्या तारेचं कुंपण हवं, त्याची वर्गणी काढली आहे. गावाकडची आली, मुंबईची आली. पुण्याच्या दोघांची यायची आहे.